करडईच्या मुलखातली सायकल

तेलाचे पीक आणि सायकल ही जोडी दक्षिण युरोपात चांगली रुळली आहे. इटलीच्या तोस्काना भागात ऑलिव्हच्या राया आणि द्राक्षांचे मळे यांच्यामधून पांढऱ्या खडीचे कच्चे रस्ते जातात. हे रस्ते एकेक करून डांबराखाली जाऊ लागले, तेव्हा १९९७ साली गायोले नावाच्या लहान गावातून ‘एरोइका’ ही सायकलफेरी सुरू झाली. अट अशी, की सायकल १९८७च्या आधीच्या बनावटीची हवी. हेतू साधा होता. लोकांनी हे रस्ते वापरावेत म्हणजे ते टिकतील. फेरी गाजली, आणि दहा वर्षांनी, २००७ साली, त्याच रस्त्यांवर व्यावसायिक सायकलपटूंची शर्यत सुरू झाली. तिचे नावच ‘स्त्रादे बिआंके’, म्हणजे पांढरे रस्ते.

कळंबच्या माणसाला हे वाचताना दोन गोष्टी सुचतात. पहिली ही, की आपल्याकडे ऑलिव्ह नाही. भारतात तो २००८पासून राजस्थानात लावून पाहिला गेला, बालाघाटाच्या डोंगरात कोणी त्याच्या वाटेला गेले नाही. दुसरी ही, की ऑलिव्ह सोडला तर बाकी सगळे आपल्याकडे होते. तेलाचे रान होते, डोंगरातली गावे होती, मुरमाचे अरुंद रस्ते होते आणि घराघरांत भिंतीला टेकवलेली सायकल होती. या चार गोष्टी एकमेकींशी कशा बांधल्या गेल्या आणि त्यांची गाठ कशी सुटत गेली, एवढाच या लेखाचा विषय.

आधी जमीन पाहू. कळंब मांजरेच्या काठी आहे. मांजरा बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यात बालाघाटाच्या डोंगरात उगम पावते आणि सातशेहून अधिक किलोमीटर वाहून गोदावरीला मिळते. कळंबजवळ धनेगावला तिच्यावर धरण आहे. त्याची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून ६४२.३७ मीटर. म्हणजे आपण सखल भागात राहतो असे आपल्याला वाटत असले, तरी आपला सखल भाग माथेरानच्या निम्म्या उंचीहून वर आहे. कळंबहून येरमाळ्याकडे निघाले की वीसेक किलोमीटरमध्ये रस्ता हळूहळू चढत बालाघाटाच्या माथ्याकडे जातो. हा माथा दिसायला फार भव्य नाही. सह्याद्रीसारखे कडे नाहीत, धुके नाही, फोटो काढावा असे फारसे काही नाही. पण पाण्याच्या दृष्टीने तो मोठा दुभाजक आहे. त्याच्या एका अंगाला पडलेला पाऊस मांजरा, तेरणा यांच्यातून गोदावरीला जातो. दुसऱ्या अंगाचा सीनेतून भीमेला आणि तिथून कृष्णेला. तेरखेड्याच्या परिसरात उगवणारी तेरणा तेरवरून वाहत शेवटी मांजरेलाच मिळते. सायकलवाल्याला हा दुभाजक नकाशाविना कळतो. जाताना पायांना जड आणि येताना हलके, एवढी त्याची खूण पुरते.

माती दोन प्रकारची. खोऱ्यात काळी, खोल, पाणी धरून ठेवणारी; माथ्यावर आणि उतारांवर हलकी, मुरमाड. दोन्हींची आई एकच, काळा बेसाल्ट दगड. झिजून वाहून गेलेला भाग खाली काळी माती झाला, अर्धवट झिजलेला वर मुरूम म्हणून राहिला. मातीत चुनखडीचे खडेही भरपूर. येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत भाविक चुन्याचे खडे वेचतात, तो विधी पाहताना या मातीची ओळख देवीच्या नावाने जपली गेली आहे असे मला नेहमी वाटते. भूशास्त्राच्या पुस्तकात मात्र या खड्यांना एवढा मान नाही.

काळी माती रस्त्याची शत्रू आहे. पाणी प्यायली की ती फुगते, सुकली की आकसून भेगाळते, त्यामुळे तिच्यावर केलेला कोणताही रस्ता खालून हलत राहतो. आणि सायकलला तर ती चालूच देत नाही. ओल्या काळ्या रानातून पन्नास पावले सायकल ढकलली की चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये चिखल इतका घट्ट बसतो की चाक फिरायचे थांबते; मग काडीने चिखल कोरून काढायचा किंवा सायकल खांद्यावर घ्यायची. मुरमाड भागात ही अडचण नाही. म्हणून पावसाळ्याचे चार महिने डोंगरातली गावे सायकलला जवळ आणि नदीकाठची दूर, असा उलटा हिशेब आमच्या भागात होता. अंतर किलोमीटरवर नव्हे, मातीवर ठरत असे.

दोन हजार वर्षांपूर्वीही हीच अडचण होती. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात तगर, म्हणजे आजचे तेर, हे पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे मोठे नगर म्हणून येते. तिथले कापड गाड्यांतून, रस्ते नसलेल्या मोठ्या मुलखातून भडोचच्या बंदरावर जाई, असे त्या लेखकाने नोंदवले आहे. कापसाचा आणि तेलबियांचा हा मुलूख बाहेरच्या बाजारपेठेला तेव्हापासून जोडलेला आहे. रस्ता मात्र त्याला फार उशिरा मिळाला.

रस्त्याआधी रूळ आले. बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली कुर्डुवाडीपासून (तेव्हाचे बार्शी रोड) बार्शीपर्यंत धावू लागली, १९०७च्या सुमारास तडवळ्यापर्यंत आली आणि १९११ साली लातूरला पोहोचली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने ती अडीच फुटी रुळांवर बांधली. त्याचा सिद्धान्त असा, की प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, म्हणजे हलके रूळ आणि स्वस्त बांधणी पुरते. जगभरातल्या छोट्या रेल्वेगाड्यांनी हा धडा घेतला. कळंब गावाला ही गाडी कधी लागली नाही. ‘कळंब रोड’ नावाचे स्टेशन आहे, ते कळंबपासून बरेच लांब. ‘रोड’ शब्द लागला की ते गाव तिथे नसते, हा रेल्वेचा नियमच आहे. पण बार्शी ब्रिटिश मुलखात आणि आपण निजामाच्या राज्यात, मधे करोडगिरीचा नाका, अशी स्थिती असताना मुंबईत उतरलेला माल आपल्या दारापर्यंत येण्याची ही सर्वांत जवळची वाट होती. रॅले, हर्क्युलस, बीएसए, फिलिप्स ही नावे आपल्या आजोबांच्या तोंडी याच वाटेने आली असणार.

स्वातंत्र्यानंतर ही सायकल देशी झाली. मद्रासजवळ टीआय सायकल्सचा कारखाना १९४९ साली निघाला, सोनिपतला अॅटलस १९५१ साली, लुधियान्याला हिरो १९५६ साली. कारखाने बदलले, पण सायकल तीच राहिली, आणि हे लक्षात घेण्यासारखे आहे. जड नळ्यांची काळी चौकट, अठ्ठावीस इंची चाके, दांड्यांचे ब्रेक, स्प्रिंगचे चामडी सीट, मागे लोखंडी कॅरियर आणि दोन पायांचे स्टँड. वजन वीस-बावीस किलो. इंग्लंडच्या गावरस्त्यांसाठी शतकापूर्वी आखलेली ही रचना आपल्याकडे सत्तर-ऐंशी वर्षे जवळपास बदल न होता चालली. कारण तिच्यात मोडण्यासारखे थोडे होते आणि जे मोडे ते गावात दुरुस्त होई. पाना, स्क्रू ड्रायव्हर, सोल्युशनची ट्यूब, जुन्या ट्यूबचे तुकडे आणि पाण्याचे घमेले एवढ्यावर दुकान उभे राही. चाकाचा आऊट काढणे हे त्यातले खरे कसब. बोटाने आरे वाजवून कोणता सैल आणि कोणता ताठ हे आवाजावरून ओळखणारे मिस्त्री कळंबात होते. हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्याइतकाच त्यांचा कान तयार असे.

आता रस्त्यांकडे येऊ. आमच्या तालुक्यातल्या पुष्कळ गावरस्त्यांचा पाया दुष्काळाने घातला आहे, आणि तोही बायकांच्या हातांनी. १९७२च्या दुष्काळात राज्यभर कामे निघाली; १९७३च्या उन्हाळ्यात सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. त्यांतली मोठी संख्या स्त्रियांची. खडी फोडणे, मुरूम टाकणे, नालाबांध घालणे ही कामे. खडीचे माप ब्रासवर, म्हणजे शंभर घनफुटांवर. खायला सुकडी, रेशनला मिलो ज्वारी. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना याच काळात राज्यभर फिरली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि १९७९च्या प्रजासत्ताक दिनापासून तो अमलात आला. दुष्काळ हटल्यावर अनेक रस्ते अर्धवट राहिले. मातीकाम झाले, खडी पडली, पण दबाई नाही आणि डांबर नाही. बैलगाडीला ते त्रासदायक, मोटारीला अशक्य. सायकलला मात्र चालण्यासारखे, कारण तिला खडीच्या दोन ढिगांमधली वीतभर पायवाट पुरते. ग्रामीण मराठवाड्यात सायकलींची खरी भरभराट सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांत झाली, त्यामागे माझ्या मते हे एक कारण आहे. मोटारीच्या उपयोगाचे नाहीत, पण चालण्याच्या वाटेपेक्षा बरे, असे शेकडो किलोमीटर रस्ते एकदम तयार झाले आणि त्यांवर चालेल असे एकच वाहन सामान्य घराला परवडत होते.

या रस्त्यांच्या दोन्ही अंगांना कार्तिकापासून माघापर्यंत जे पीक दिसे ते करडई. आमच्याकडे करडीच म्हणतात. ज्वारीच्या पाट्यांत तिच्या ओळी, आणि ज्वारीच्या किंवा गव्हाच्या रानाला कडेने दोन-चार तासे, कुंपण म्हणून. कोवळी असताना तिची भाजी होते. फुलायला लागली की पानांना आणि बोंडांना असे काटे येतात की जनावर तोंड लावत नाही, म्हणून रस्त्याकडेच्या रानाला ती हमखास. फूल आधी पिवळे, मग केशरी, सुकताना तांबडे. पूर्वी या पाकळ्यांपासून कुसुंबी रंग काढत. पाकळीत दोन रंग असतात. पिवळा पाण्यात विरघळतो, तो आधी धुऊन टाकायचा. मग राखेच्या किंवा सोड्याच्या पाण्यात तांबडा सुटतो आणि आंबटाच्या संगतीने कापडावर बसतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कृत्रिम रंग आले आणि ही विद्या मागे पडली; बी आणि तेल राहिले.

करडईचे खरे बळ जमिनीखाली आहे. तिचे सोटमूळ दोन-तीन मीटर खोल जाते. पावसाळा संपल्यावर काळ्या मातीत जी ओल खोलवर उरते ती ज्वारीच्या आणि हरभऱ्याच्या मुळांना लागत नाही, करडईला लागते. म्हणून पाण्याविना येणारे रब्बीचे तेलपीक म्हणून तिला तोड नव्हती. बियांत तेल साधारण तीस टक्के. लाकडी घाण्यात त्यातले पंचवीसेक टक्के निघे, बाकी पेंडीत जाई आणि पेंड जनावरांच्या पुढे. चाळीस किलोचे पोते कॅरियरला बांधून घाण्यावर न्यायचे आणि परत येताना एका बाजूला तेलाचा डबा, मागे पेंडीची पिशवी, हा त्या काळचा नेहमीचा फेरा. भाकरीवर करडीचे तेल आणि तिखट-मीठ घेऊन जेवलेल्या पिढीला हा फेरा आठवत असेल.

इथे एक गंमत सांगायला हवी. तेलाच्या या मुलखात सायकलला मात्र घरचे तेल चालत नसे. करडईचे तेल हवेत सुकते. त्यातल्या आम्लांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लिनोलिक आम्ल असते, त्याचा प्राणवायूशी संयोग झाला की तेल घट्ट होऊन त्याचा डिंक बनतो. म्हणूनच ते रंगात आणि रोगणात वापरले जाई. चेनला लावले तर आठवड्यात धुळीसकट गोंद. बैलगाडीच्या आसाला एरंडेल चाले, कारण एरंडेल तसे सुकत नाही. सायकलला मशीनचे तेल विकत आणावे लागे. दरवर्षी ओव्हरऑईलला आलेल्या सायकलींचे छर्रे घासलेटात धुताना दुकानदार कोणी घरचे तेल घातले आहे हे चटकन सांगत.

काट्यांचीही हीच गोष्ट. सायकलवाला करडईच्या काट्यांना शिव्या देई, पण पोटऱ्या ओरबाडण्यापलीकडे त्यांचा चाकाला उपद्रव नसे. चाकाचे वैरी दोन. बाभळीचा काटा आणि जमिनीलगत पसरणारा सराटा. सराट्याचे फळ कसेही पडले तरी त्याचा एक काटा वर राहतोच, आणि तो ट्यूबपर्यंत पोहोचण्याइतका टणक असतो.

आता चढाचा हिशेब. तो थोडा कोरडा आहे, पण या लेखाचा कणा तिथे आहे. आपल्या काळ्या सायकलीला पुढे ४४ दाती चक्र आणि मागे १८ दाती फ्रीव्हील असते. पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचे जवळजवळ अडीच फेरे, म्हणजे सुमारे साडेपाच मीटर अंतर. सपाट रस्त्यावर हे उत्तम. पण वीस मीटरला एक मीटर असा, म्हणजे पाच टक्क्यांचा चढ आला की काय होते? माणूस आणि सायकल मिळून नव्वद किलो धरले, तर या चढावर प्रत्येक फेऱ्याला पायांना सरासरी सत्तावीस-अठ्ठावीस किलोंचा दाब द्यावा लागतो, आणि पायडल आडवे असताना, जिथे जोर सगळ्यांत जास्त लागतो तिथे, तो बेचाळीस-त्रेचाळीस किलोंपर्यंत जातो. कॅरियरवर चाळीस किलोचे करडईचे पोते असेल तर हाच आकडा त्रेसष्टच्या आसपास येतो. म्हणजे साठ-पासष्ट किलोचा माणूस सीटवरून उठून आपले सगळे वजन पायडलवर टाकतो तेव्हा कुठे चाक पुढे सरकते. त्याहून जास्त जोर लावायला त्याच्याजवळ वजनच नाही. मग तो उतरतो आणि ढकलतो. बालाघाटाच्या चढांवर भरली सायकल ढकलत नेणारी माणसे दमलेली किंवा आळशी नव्हती. त्यांच्या सायकलीचे गणित तिथे संपत होते.

गिअरची सायकल हेच गणित बदलते. पुढे ३४ आणि मागे ३२ दाते असले तर एका फेऱ्याला सव्वादोन मीटरच अंतर जाते. जोर निम्म्याहून कमी, फेरे दुपटीहून जास्त. काम तेवढेच, फक्त सुट्टे पैसे करून दिल्यासारखे.

डोंगरातल्या गावांनी यावर काढलेला तोडगा मला फार हुशारीचा वाटतो. चढ-उतारावरून जड माल नेणे परवडत नाही, तर माल हलका करा. भूम, वाशी, कळंब या पट्ट्यात खव्याचा धंदा वाढला त्याची कारणे चराऊ राने आणि जनावरे ही आहेतच, पण वाहतूक हेही आहे. दूध नासते आणि जड असते. पाच लिटर गाईच्या दुधाचा किलोभर खवा होतो आणि तो बाजार गाठेपर्यंत टिकतो. म्हणून वाड्यावस्त्यांवरून दुधाच्या किटल्या सायकलला अडकवून जवळच्या भट्टीपर्यंत आणायच्या, तिथे आटवायचे आणि पुढे पाचवा हिस्सा वजन न्यायचे. कुंथलगिरीच्या खव्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याची बातमी सर्वत्र झाली. त्या खव्याच्या घडणीत वाईट रस्त्यांचा वाटा आहे हे त्या बातम्यांत नव्हते.

हे सगळे जग सुटले कसे? सायकल मोटारसायकलने घालवली, एवढे उत्तर पुरेसे नाही. पीकही बदलले. १९८६ साली केंद्राचे तेलबिया तंत्रज्ञान अभियान सुरू झाले तेव्हा करडईला बरे दिवस येतील असे वाटत होते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने पुढे, २००१ साली, ‘नारी-६’ हा बिनकाट्यांचा वाणही दिला. पण १९९४पासून पामतेलाची आयात मोकळी झाली, भाव पडले. काढणीला मजूर मिळेना. काटे मऊ असतात म्हणून पहाटेच्या दवात, हातापायांना फडकी गुंडाळून काढायचे हे पीक. मावा पडतो तो वेगळा. त्याच सुमारास सोयाबीन आले. खरिपात सोयाबीन आणि त्यामागून हरभरा, असा नवा पालट बसला आणि ज्वारी-करडईचे रान आक्रसत गेले. जिथे पाणी पोहोचले तिथे ऊस.

सोयाबीनमध्ये तेल जेमतेम अठरा-वीस टक्के. ते लाकडी घाण्यात निघत नाही. रसायनाने तेल विरघळवून काढणारा मोठा प्रकल्प लागतो. म्हणजे पीक बदलले तसा तेलाचा प्रवासही बदलला. पूर्वी बी आणि तेल दोन्ही पाच-सात किलोमीटरच्या वर्तुळात फिरत, सायकलच्या आवाक्यात. आता पोते ट्रॅक्टरने आडतीवर जाते आणि तेल प्लॅस्टिकच्या पिशवीत परत येते. तेलबिया पिकवणारा शेतकरी दुकानातून तेल आणतो, ही गोष्ट आपल्याला आता विचित्रही वाटत नाही. अलीकडे विजेवर चालणारे ‘लाकडी घाणे’ पुन्हा निघाले आहेत. त्यांच्या तेलाचा भाव पाहता ते पिकवणाऱ्यापेक्षा शहरातल्या डॉक्टरांच्या सल्ल्यावर जास्त चालतात असे दिसते.

पाण्याचीही किंमत मोजली गेली. २०१६ साली मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. ती गाडी कुर्डुवाडी-बार्शी-लातूर याच मार्गाने आली, म्हणजे कॅलथ्रॉपच्या अरुंद रुळांच्या जागी २००८पर्यंत रुंद झालेल्या मार्गाने. मुळाने तीन मीटरवरची ओल शोधणारे पीक सोडून आपण उसाकडे गेलो, त्या मुलखाच्या दारातून पाण्याची गाडी गेली.

रस्ते मात्र सुधारले, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने वाड्यांपर्यंत डांबर नेले. बाळंतीण वेळेत दवाखान्यात पोहोचू लागली, ही लहान गोष्ट नाही. पण सायकलला दोन गोष्टी जाचक झाल्या. एक, रुंदीकरणात कडेची मोठमोठी झाडे गेली. चिंच आणि कडुनिंब यांच्या सावलीत जो वीस किलोमीटरचा पल्ला सुसह्य होता तो आता फाल्गुनातच तापलेल्या तव्यासारखा लागतो. दोन, माथ्यावरून जाणारा सोलापूर-धुळे महामार्ग चौपदरी झाला. येडशी, येरमाळा, तेरखेडा ही सगळी गावे त्यावर आहेत. डोंगराच्या एका अंगाच्या वस्तीवरून दुसऱ्या अंगाच्या शाळेत जायचे तर आधी हा महामार्ग ओलांडायचा. त्यात उसाचा हंगाम आणि सायकलचा हंगाम एकच, दिवाळी ते होळी. मागे दिवा नसलेल्या, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरमागून संध्याकाळी सायकल चालवण्याचा अनुभव ज्याने घेतला त्याला घाट अवघड वाटत नाही.

तरीही माथ्यावरचे जुने गावरस्ते आणि पाणंदी अजून आहेत. पवनचक्क्या जिथे उभ्या आहेत तिथे वारा अर्थातच सायकलवाल्याच्या तोंडावर असतो, पण रहदारी नसते. गेल्या काही वर्षांत पहाटे हेल्मेट घालून निघणारी शहरी मंडळी आमच्याकडेही दिसू लागली आहेत. नाशिकच्या हितेंद्र आणि महेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनी २०१५ साली अमेरिका आरपार करणारी शर्यत दोघांच्या गटात पूर्ण केली, तेव्हापासून जिल्ह्याजिल्ह्यांत लांब पल्ल्याचे वेड वाढले. त्यांच्यातले बहुतेक महामार्गाने जातात, कारण डांबर गुळगुळीत. त्यांनी पाणंदी धराव्यात असे मला वाटते. तोस्कानातले रस्ते वाचले ते कोणी निवेदन दिले म्हणून नव्हे, लोक तिथे चालवत राहिले म्हणून. आपल्याकडे पाणंदींचे धोके वेगळे आहेत. कोणी बांध सरकवतो, कोणी वाट नांगरतो, आणि दहा वर्षे वापर नसला की वाट होती हे सिद्ध करायला तहसीलला खेटे घालावे लागतात.

पण या हौशी सायकलींपेक्षा महत्त्वाची सायकल दुसरीच आहे. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात मागास ठरलेल्या १२५ तालुक्यांमध्ये, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी अनुदान मिळते. २०२२ साली ते साडेतीन हजारांवरून पाच हजार झाले. बिहारने २००६पासून अशीच योजना राबवली. तिचा अभ्यास कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी केला, त्यात माध्यमिक शाळेतली मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढल्याचे आणि मुला-मुलींमधली तफावत ४० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. परिणाम सर्वांत जास्त कुठे, तर शाळा तीन किलोमीटरहून दूर असलेल्या गावांत. एसटीचा मोफत पास आपल्याकडे मुलींना आहे, पण ऑक्टोबर २०२१पासून एप्रिल २०२२पर्यंत एसटीचा संप चालला तेव्हा पास हातात आणि गाडी नाही, अशी स्थिती डोंगरातल्या वाड्यांनी पाहिली.

बिहार मात्र सपाट आहे. आपली पाच किलोमीटरची मर्यादा जमिनीवर फूटपट्टी ठेवून आखलेली आहे, चढ मोजून नव्हे. मुलींच्या सायकलीला चाक सव्वीस इंची, पण दाते बहुधा तेच आजोबांचे, ४४ आणि १८. पंचेचाळीस किलोची मुलगी, अठरा किलोची सायकल आणि पाच किलोचे दप्तर धरले, तर पाच टक्क्यांच्या चढावर तिला पायडलवर जास्तीत जास्त एकतीस किलोंच्या आसपास जोर लावावा लागतो, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या दोन-तृतीयांशाहून अधिक. ते ती फार वेळ करू शकत नाही. उतरते, ढकलते आणि पहिल्या तासाला उशिरा पोहोचते. मागचे फ्रीव्हील १८ऐवजी २२ दात्यांचे बसवले तर हाच जोर पंचवीस-सव्वीस किलोंवर येतो. एका फेऱ्याला पाच मीटरऐवजी सव्वाचार मीटरहून थोडे कमी अंतर जाते, सपाटीवर पाय थोडे जास्त फिरवावे लागतात, एवढाच तोटा. फ्रीव्हील बदलायला मिस्त्रीला अर्धा तास पुरतो. चेनच्या दोन-चार कड्या वाढवाव्या लागतील.